पास्कलकाकांचा पोलादी बगळा

आमचे शेजारी पास्कलकाका गाडीवरचा बर्फ ब्रशने झाडत नसत. गाणं लावून पाडत.

मी फेकतेय असं वाटेल. पण मी नागपूरची आहे. आम्ही उन्हाच्या बाबतीत फेकतो, बर्फाच्या बाबतीत फेकायची आम्हाला सवय नाही. शनिवारी सकाळी सगळी गल्ली टोप्या कानांवर ओढून फावड्याने बर्फ उपसत असायची. काका मात्र फिलूकाकींचा हात धरून त्यांना गाडीत बसवत, दुसऱ्या बाजूने स्वतः बसत, दारं लावत, कानांत कापसाचे बोळे घालत आणि बटण दाबत. आधी टपावरचा बर्फ थरथरायचा, मग त्याला भेग पडायची, आणि गिटारने जोर धरला की अख्खी चादर काचेवरून घसरून बॉनेटवर यायची. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, इंजिनीअर आहे. तो म्हणे की हे हीटरमुळे होतं. काका त्याला म्हणत, "हीटर सगळ्यांच्या गाडीला आहे रे. बगळा कोणाकडे आहे?"

बर्फ पडून गेला तरी गाडी जागची हलायची नाही. दोघं तसेच आत बसून राहत. काका डोळे मिटून, फिलूकाकी मांडीवर पर्स घेऊन, एक पंजा डॅशबोर्डवर टेकवून. सगळी गाणी वाजून झाली की काका उतरत, काकींचं दार उघडत, आणि दोघं घरात जात. कुठे जायचं नसताना गाडीत बसणारं हे एकच जोडपं मी पाहिलंय.

ही गोष्ट आम्ही कॅनडातल्या केंब्रिजला राहत होतो तेव्हाची, दोन हजार सोळा-सतराच्या आसपासची. आता आम्ही ओटावाला आलोय. इथले शेजारी इतके शांत आहेत की ते आहेत की नाहीत हे कचऱ्याच्या दिवशीच कळतं.

तर बगळा. 'स्टील हेरॉन' नावाचा एक जपानी हेवी मेटल बँड होता आणि शिगेओ तामाकी नावाचे गृहस्थ त्यात गिटार वाजवत. हेवी मेटल म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही, त्यांनी भांड्यांची मांडणी जिन्यावरून पडतेय, पण तालात पडतेय, अशी कल्पना करावी. हेरॉन म्हणजे बगळा हे काकांना कोणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून काकांच्या तोंडी त्या माणसाचं शिगेओ तामाकी हे नाव संपलं. "वसईच्या खाडीवर हजार बगळे बघितले," काका म्हणत, "पण असा नाय. हा पोलादी."

काका म्हणजे पास्कल घोन्साल्विस. मूळचे वसईचे, साठीला टेकलेले, पोट जरा पुढे, मिश्या जरा खाली. गावाजवळच्या मोठ्या मोटार कारखान्यात ते नट तपासायचे. लाइनवरून गाडी आली की अमुक नट पुरेसा आवळलाय का हे बघायचं, हे त्यांचं काम. ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की जगातल्या प्रत्येक गोष्टीचे त्यांनी दोनच भाग केले होते: नट टाइट आणि नट लूज. पंतप्रधान, फादरांचं प्रवचन, माझी पुरणपोळी, सगळं याच मापाने मोजलं जाई. माझ्या पुरणपोळीला ते म्हणाले होते, "बाय, चव चांगली आहे, पण कडेचा एक नट लूज आहे." मी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या तोंडून पूर्ण मार्क मिळालेले मी कोणाला पाहिले नव्हते. तामाकीलासुद्धा नाही. "सोलोमधे टाइट आहे," ते म्हणत, "पण शेवटाला एखादा राहून जातो."

आमचं घर आणि त्यांचं घर यांत एकच भिंत. सेमी-डिटॅच्ड घर घेताना एजंटने आम्हाला 'क्वायट नेबरहूड, एल्डरली कपल' असं सांगितलं होतं. एल्डरली कपल बेसमेंटमध्ये बगळा लावायचं आणि इकडे माझ्या कपाटातल्या मिसळणाच्या डब्यात मोहरी उडून जिऱ्यात जायची. दर रविवारी मी बसून मोहरी वेगळी करायची. आमची मुलगी भिंतीला कान लावून म्हणायची, "मम्मा, देअर हाऊस इज स्नोरिंग."

तक्रार करायला मी एकदा ठणकावून गेलेही होते. काकांनी मला काही बोलूच दिलं नाही. "बरं झालं आलीस बाय, चल, तुला तांदूळ दाखवतो," म्हणत ते मला थेट बेसमेंटमध्ये घेऊन गेले.

तिथे एक भलामोठा काळा स्पीकर होता. त्यावर स्टीलचं ताट, आणि ताटात तीन ढीग: बासमती, कोलम आणि वसईचा जाडा उकडा तांदूळ. काकांनी कापूस घातला, मला कान झाकायला सांगितलं आणि रेकॉर्ड लावली. बासमती लगेच नाचायला लागला. "तो हलका. तो कशानेही नाचतो, त्याचं काय घेऊन बसलीस!" काका ओरडून म्हणाले. थोड्या वेळाने कोलम थरथरला. आणि मग खालच्या तारांवरचा तो जाड, घुमणारा सूर आला तसा उकडा तांदूळ टणाटण उड्या मारू लागला. काका माझ्याकडे असे बघत होते, जणू ते तांदूळ त्यांनी स्वतः शाळेत घालून शिकवले आहेत.

"कोलम हलला तर पास," ते म्हणाले, "उकडा उठला तर डिस्टिंक्शन."

मी तक्रार विसरून ताटाकडेच बघत राहिले. जिन्यात फिलूकाकी चहा घेऊन उभ्या होत्या आणि हसत होत्या.

त्या दिवसापासून तामाकीची सगळी कारकीर्द मला तांदळात पाठ झाली. तो एका बंदराच्या गावचा, बाप बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. म्हणून, काकांच्या मते, पोराच्या हातात डिझेलचा ठोका आला. पहिली रेकॉर्ड 'रस्ट हार्बर': कोलम पास, उकडा जेमतेम. दुसरी रेकॉर्ड घाईत केलेली, ड्रमवाला मागे पडलेला: "बासमतीसुद्धा बसून राहिला, बाय, बसून!" तिसरी 'डीप बेल', ती करताना त्याने तारा सैल करून सूर इतका खाली नेला की म्हणे स्टुडिओचा दिवा फुटला: सर्व जातींना डिस्टिंक्शन. मग गायकाशी भांडण झालं, बँड फुटला, आणि तामाकी एकटाच वाजवू लागला. गायकाचं नाव काकांनी कधी घेतलं नाही. ते त्याला 'तो लूज नट' म्हणत.

आणि मग 'पेपर लँटर्न'. यात तामाकीने वीज बंद केली. साधी लाकडी गिटार, एकट्याने, हळू वाजवलेली. ही रेकॉर्ड मी ऐकली आणि मला मनापासून आवडली. असं वाटलं की कोणीतरी शेजारच्या खोलीत बसून, आपल्याला जाग येऊ नये अशा बेताने वाजवतंय. मी काकांना तसं सांगितलं. काका खवळले.

"एक दाणा हलत नाय! जगभरच्या पेपरांनी डोक्यावर घेतली, आणि एक दाणा हलत नाय! फेल!"

"काका, संगीत काय तांदळाला ऐकवायचं असतं का?"

"मग कोणाला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर न ऐकता वर निघून गेले.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी त्यांची शिडी परत द्यायला गेले, तर गॅरेजचं दार अर्धं उघडं. काका खुर्चीवर एकटेच, कानांत कापूस नाही, आणि छोट्या रेडिओवर अगदी बारीक आवाजात वाजत होतं 'पेपर लँटर्न'. डोळ्यांत पाणी. मला बघताच त्यांनी झटकन बटण बंद केलं.

"क्वालिटी चेक," ते म्हणाले. "फेलची पण फाइल बघावी लागते."

मला वाटलं, म्हातारा पक्का ढोंगी आहे. लोकांत एक आणि गॅरेजमध्ये एक.

आता फिलूकाकींबद्दल सांगते. फिलोमिना घोन्साल्विस. बारीक, नीटनेटक्या, गळ्यात सोन्याचा क्रॉस, आणि ऐकायला जवळजवळ काहीच येत नसे. कॅनडात आल्यावर काही वर्षांनी हळूहळू कान गेले. यंत्र होतं, पण त्यातून म्हणे फक्त भांड्यांचा आवाज मोठा व्हायचा, माणसांचा नाही. म्हणून ते कपाटात. ओठ बघून त्यांना सगळं समजे. मराठी समजे, त्यांची वसईची बोली तर समजेच, इंग्रजीही बरीच. फक्त दाढीवाल्यांचं समजत नसे. फॅमिली डॉक्टरला दाढी होती तर काकींनी डॉक्टर बदलला.

साहजिकच आमच्या मराठी मंडळींत एक विनोद ठरलेला होता. कोणी पास्कलकाकांच्या बगळ्याचा विषय काढला की दुसरा हमखास म्हणायचा, "आणि बायको ठार बहिरी! देव जोड्या बघूनच जमवतो!" मग सगळे हसायचे. मीही हसायचे. हा विनोद नवीन माणसांना सांगण्यात तर माझा हातखंडा होता.

मनात मात्र मला काकींची दया यायची. ज्या आवाजाचा आपल्याला उपयोग नाही, त्यात नवऱ्याच्या हौसेखातर थंडीत गाडीत जाऊन बसायचं! आमच्या नागपूरच्या एखाद्या काकूने असल्या नवऱ्याला गाडीसकट ढकलून दिलं असतं.

मंडळाच्या दिवाळीला एकदा फार बहार झाली. भावगीतांचा कार्यक्रम होता आणि साउंड सिस्टिम सांभाळायला नेहमीचा माणूस आला नाही. कोणीतरी म्हणालं, पास्कलकाकांना यातलं कळतं. काका आले, तारा जोडल्या, आणि स्पीकरवर ताट ठेवलं. गायिकेने डोळे मिटून सूर लावला. ताटातला दाणा जागचा हलेना. काका अस्वस्थ. त्यांनी एक बटण फिरवलं, मग दुसरं. तबलजीने डग्ग्यावर सहज थाप मारली आणि हॉलमध्ये तोफ उडाली. समईची ज्योत विझली. पहिल्या रांगेतल्या कुळकर्णी आजोबांनी छाती धरली. अध्यक्ष धावत आले, "काका, काय करताय हे!" आणि या सगळ्या गदारोळात पहिल्या रांगेच्या टोकाला एक बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. फिलूकाकी. एकट्याच. मी मिलिंदला म्हटलं, "बघ बिचारी, नवऱ्याची लाज झाकतेय."

आणखी एक प्रसंग आठवतो. एका नाताळात त्यांनी आम्हाला आपल्याबरोबर चर्चमध्ये मिस्साला नेलं. गाणी सुरू झाली, सगळे उभे राहिले. फिलूकाकींनी पुस्तक उघडलं नाही, शब्द पाठ होते. त्यांचे ओठ हलत होते, मान डोलत होती, पण आवाज नव्हता. अजिबातच नाही. मी शेजारीच उभी होते म्हणून मला कळलं. पास्कलकाका पलीकडे उभे होते. ते गात नव्हते, समोरही बघत नव्हते. त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. नंतर गाडीपाशी मी विचारलं तेव्हा काका एवढंच म्हणाले, "पूर्वी कॉयरमध्ये पहिला आवाज तिचा. गावच्या प्रत्येक लग्नात हळदीचं गाणं तीच उचलायची. आता सुटला सूर की तिला कळत नाय. एकदा इथल्या बाईने सांगितलं, प्लीज स्टँड इन द बॅक. तेव्हापासून बंद." आणि गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागले. हाताने खरवडला त्यांनी तो, त्या दिवशी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बातमी आली. तामाकीचं मनगट कामातून गेलं होतं. तो एक शेवटचा दौरा करणार आणि गिटार ठेवून देणार. आणि त्या दौऱ्यात एक खेळ चक्क ग्वेल्फला, आमच्यापासून अर्ध्या तासावर, रविवारी दुपारी.

काका रात्रपाळीहून आले ते थेट आमच्या दारात. इतका कासावीस झालेला माणूस मी पाहिला नव्हता. "मिलिंद, बाबा, ते ऑनलाइन बुकिंग तू कर. मला नाय जमत. दोन तिकिटं. नाय, तीन. बाय, तू गाडी चालव. मला मागे फिलूसंगं बसायचंय. मी गाडी चालवताना ती माझे ओठ बघू शकत नाय."

"काका, पण काकींना कशाला?" मी न राहवून म्हटलं. "तिथे एवढी गर्दी, त्यात त्यांना ऐकू..."

"ती नसेल तर मी तिथं जाऊन काय करू?" काका म्हणाले.

मिलिंदने बुकिंग केलं. आता माझा नवरा म्हणजे अतिशय संस्कारी माणूस. वडीलधारी मंडळी चालली आहेत म्हटल्यावर त्याने त्यांची सगळी सोय पाहिली. खाली, स्टेजसमोर, नुसतं उभं राहायचं होतं. ती तिकिटं स्वस्त. ती सोडून याने जास्तीचे पैसे भरून वर, बाल्कनीत, शेवटच्या रांगेत, पाठ टेकायला मिळेल आणि वॉशरूम जवळ पडेल अशा तीन खुर्च्या घेतल्या. आणि मोठ्या अभिमानाने प्रिंट काढून काकांच्या हातात दिल्या.

काकांनी कागद पाहिला. त्यांचा चेहरा असा उतरला की मिलिंद घाबरला.

"बाल्कनी?" काका म्हणाले. "बाल्कनी काय कामाची रे? तिथं नुसतं ऐकायला येतं!"

या वाक्यावर आम्ही त्या रात्री पोट धरधरून हसलो. पण खालची तिकिटं तोवर संपली होती आणि काकांनी जेवण सोडल्यासारखं केलं होतं. "स्पीकरसमोर उभं राहायचं होतं, बाय," ते कुंपणापाशी पुन्हा पुन्हा म्हणत. "एकदाच. परत तो नाय वाजवणार." मिलिंद तर तोंड चुकवून मागच्या दाराने ये-जा करू लागला.

तो रविवार आला. रस्त्याच्या कडेला काळपट बर्फ वितळत होता. सकाळची मिस्सा आटोपून दोघं तसेच गाडीत बसले: काका सुटाबुटात, फिलूकाकी ठेवणीतल्या जांभळ्या रेशमी साडीत, वर विंटर जॅकेट, आणि मांडीवर मोठा डबा. डब्यात फुगे. फुगे म्हणजे मैदा आंबवून तळलेले गोळे. वसईत ख्रिस्ती लग्नात ते नसले तर लग्न लागलंच नाही असं धरतात. "एवढे कशाला, काकी?" मी वळून, त्यांना ओठ दिसतील असं विचारलं. "एवढी माणसं येणार ना," त्या म्हणाल्या. त्या नेहमी कुजबुजल्यासारखं बोलत, आपला आवाज किती मोठा पडतोय ते कळत नसल्यामुळे.

हॉलबाहेर लांब रांग. सगळे काळ्या कपड्यांतले, हातभर गोंदवलेले, आणि झाडून सगळे दाढीवाले. काकींना तिथे एका माणसाचंही बोलणं कळण्याची सोय नव्हती. पण मला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली. ही सगळी मंडळी पन्नाशीची होती. तामाकीबरोबर त्याचे चाहतेही म्हातारे झाले होते. कोणी काठी घेऊन आलेला, कोणी गुडघ्याला पट्टा बांधलेला. आमच्या पुढचा राक्षसाएवढा माणूस, छातीवर कवटी छापलेली, कमरेला हात लावून कण्हत होता.

काकींनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. लग्नाच्या मांडवात धरतात तसा, न बोलता. त्याने एक फुगा घेतला, खाल्ला, डोळे मिटले, आणखी एक घेतला. त्याचे दोन मित्र वळले. त्यांनीही घेतले.

"बॅक पेन?" काकांनी विचारलं.

"टू सर्जरीज, मॅन," राक्षस म्हणाला. "अँड आय गॉट फ्लोअर टिकिट्स. लाइक अ‍ॅन इडियट."

काकांच्या मिश्या थरथरल्या. त्यांनी खिशातून मिलिंदची तीन तिकिटं काढली. "माय फ्रेंड," ते म्हणाले, "चेअर. बॅक सपोर्ट. व्हेरी नियर टु वॉशरूम."

असा सौदा इतक्या पटकन होताना मी नागपूरच्या सीताबर्डी बाजारातही पाहिला नाही. राक्षसाने काकांना मिठी मारली. मिलिंदच्या संस्कारांचं असं चीज झालं.

दारात एक मुलगी सगळ्यांना कानांत घालायचे नारिंगी बोळे देत होती. काकांनी आपला कापूस दाखवला. काकींनी बोळे घेतले नाहीत. "मॅम, इट्स गोइंग टु बी रिअली लाउड," ती काळजीने म्हणाली. तिला दाढी नव्हती, त्यामुळे काकींना समजलं. त्या हसून म्हणाल्या, "आय होप सो."

उरलेले फुगे वाटत वाटत आम्ही पुढे सरकत गेलो आणि थेट स्टेजच्या कठड्यापाशी पोचलो. समोर माणसापेक्षा उंच काळे स्पीकर. काकांनी काकींना नेमकं त्यांच्यासमोर उभं केलं, हात कठड्यावर ठेवून दिले, आणि त्यांच्या मागे, कोणाचा धक्का लागू नये म्हणून, स्वतः उभे राहिले. काकींनी वाकून बूट काढले आणि मोज्यांनी लाकडी जमिनीवर उभ्या राहिल्या.

खेळाला वेळ होता. मी काकींकडे वळले आणि इतके दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. "काकी, काकांना हे आवडतं ते ठीक. पण तुम्ही का हाल करून घेता?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ह्याला?" त्या कुजबुजल्या. "बाय, ह्याला कुठं आवडतं हे! ह्याला हळू वाजवलेलं आवडतं. तरुणपणी माझ्या गाण्यामागे मँडोलिन वाजवायचा. हे ऐकून ह्याचं डोकं दुखतं, म्हणून तर कापूस."

मी त्यांच्या आणखी जवळ सरकले.

"माझं सगळं बंद झालं तेव्हा मी दोन वर्षं कोणाशी बोललेच नाय," त्या म्हणाल्या. "मग कारखान्यातल्या एका जपानी साहेबाने जाताना ह्याला सीडी दिली. ह्याने गाडीत लावून बघितली. मी बाजूला बसलेली. आणि माझ्या पायांतून, पोटातून काहीतरी वर आलं. मी ह्याचा हात धरला आणि बोलले, पास्कल, गाणं चाललंय का? परत लाव. त्या दिवशी हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून लहान पोरासारखा रडला. मग ह्याने ह्या माणसाच्या सगळ्या रेकॉर्डी शोधून काढल्या. कुठली मला लागेल ते आधी तांदळावर बघतो."

मी काकांकडे पाहिलं. ते आम्हा दोघींच्या डोक्यांवरून स्पीकरचे नट तपासत होते. बासमती, कोलम, उकडा, ते दिवाळीतलं बटण, गॅरेजमधलं पाणी, सगळं माझ्यासमोर ओळीने येऊन उभं राहिलं. देव जोड्या बघूनच जमवतो म्हणून मी किती हसले होते. देवाने खरंच बघून जमवली होती. बघितलं नव्हतं ते आम्ही.

दिवे गेले आणि तामाकी आला. मला वाटलं होतं कोणी राक्षस येईल. आला तो चष्मा लावलेला, बँकेत कॅशियर शोभेल असा बुटका माणूस, मनगटाला पट्टी. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि तारेवर हात मारला.

ते मी ऐकलं असं म्हणताच येणार नाही. ते मला आदळलं. बरगड्या वाजल्या. कठडा वाजला. फिलूकाकींच्या बांगड्या आपोआप किणकिणत असाव्यात, कारण त्या हातावर उड्या मारत होत्या. उकड्या तांदळाचं काय झालं असतं देव जाणे. काकींनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि मग 'डीप बेल'मधला तो खालचा सूर आला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

आधी मला वाटलं, नेहमीसारखे नुसते ओठ हलताहेत. पण त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. छाती भरून येत होती. त्या गात होत्या. मोकळ्या आवाजात, पूर्ण ताकदीने, हळदीचं गाणं असावं, कारण एक हात ताल धरून वर-खाली होत होता. त्या गोंगाटात सूर सुटला काय नि राहिला काय, वळून बघणारं कोणी नव्हतं. माझ्या कानांपर्यंत एक अक्षर पोचलं नाही.

पास्कलकाकांनी कानांतला कापूस काढला. दोन्ही कानांतला. त्या भयंकर आवाजाने त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला, पण त्यांनी बोळे कोटाच्या खिशात टाकले, वाकून आपला कान काकींच्या ओठांना लावला, आणि तामाकी वाजवत होता तोवर तिथून हलवला नाही.

परत येताना मी गाडी चालवत होते, दोघं मागे. अजून चांगला उजेड होता. माझे कान गुणगुणत होते. मग मागून कुजबुज आली.

"पास्कल, सूर लागला?"

आरशात मला दिसलं, काका पूर्ण वळून तिच्याकडे तोंड करून बसले, आणि तिला एक एक शब्द नीट दिसावा म्हणून सावकाश म्हणाले,

"सगळे नट टाइट, फिलू. एक पण लूज नाय."